‘मुंबई स्पेशल’ घड्याळावर बोली लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी चावीची घड्याळे ऑनलाइन लिलावात घेणारे मराठी तरुण आता बरेच दिसतात. एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय गुंडाळायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि आजोबांच्या ‘जनता’ला एकदम मागणी आली. या बाजारात एका जातीच्या मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मशीन खरोखर जुने, तबकडी नव्याने रंगवलेली, केसवर (बाहेरच्या धातूच्या कवचावर) ताजा मुलामा, काटे भलत्याच घड्याळाचे आणि वर्णनात ‘ओरिजिनल, १९६०’. सगळेच खोटे असते तर ओळखायला सोपे गेले असते. यात निम्मे खरे असते, म्हणून माणूस फसतो.

असे घड्याळ तयार का होते, तेही समजून घ्यावे. फावर-ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी, सेको अशी घड्याळे आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेली. आपला पावसाळा आणि घाम त्यांना मानवत नाही. वॉशर कडक झाला की दमट हवा आत शिरते, तबकडीवरचे लाखेचे आवरण फुगते आणि आकडे गळतात. अशी तबकडी पुन्हा रंगवणे हे प्रामाणिक कारागिरीचे काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकण्याबद्दल, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीत सर्वात मोठा वाटा तबकडीचाच असतो.

म्हणून पहिली नजर तबकडीवर. कारखान्यात ती पॅडने छापली जाई. कोरलेल्या धातूच्या पट्टीवरची शाई मऊ पॅडने उचलून तबकडीवर टेकवायची. दहापट भिंगाखाली अशा अक्षरांच्या कडा धारदार दिसतात आणि शाई किंचित वर उठलेली जाणवते. रंगवलेल्या तबकडीत अक्षरांची टोके फुगतात, ‘ए’ आणि ‘आर’च्या पोटातली पोकळी बुजते, एकाच शब्दातली दोन अक्षरे कमी-जास्त अंतरावर बसतात. सहाच्या आकड्याखालची ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे आधी तपासा. ती तबकडीच्या गोलाईला धरून असायला हवीत. नक्कल करणाऱ्याला ती नीट साधत नाहीत, म्हणून तो ती गाळतो किंवा नको तेवढी मोठी करतो, नाहीतर ती केसच्या कडेखाली अर्धी जातात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का, तेही पाहावे. वर बसवलेल्या धातूच्या खुणा न काढताच रंग मारला असेल, तर त्यांच्या बुडाशी रंग साचलेला दिसतो. तारखेच्या खिडकीची कडा जाड आणि गोलसर दिसते तीही त्यामुळेच.

तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये स्क्रूने धरलेले असतात. दुसऱ्या मशीनची तबकडी बसवायची तर हे पाय कापावे लागतात, मग काम गोंदावर किंवा दुहेरी चिकटपट्टीवर भागवतात. बाहेरून याची खूण म्हणजे बाराचा आकडा लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) बरोबर मध्यावर येत नाही आणि तारीख खिडकीत एका बाजूला सरकलेली दिसते. तारीख तिरकी असेल तर रंग कितीही देखणा असो, ते घड्याळ सोडून द्यावे.

एचएमटीत फसवणूक रंगाची होते. कारखान्याने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही त्यातली हाताने चावी द्यायची, १७ ज्वेलची (ज्वेल म्हणजे मशीनमधले घर्षण कमी करणारे खडे). ‘पायलट’ ओळखले जाते ते काळ्या तबकडीसाठी. लिलावात मात्र ते लाल, पिवळे, मोरपंखी, वायुदलाचे चिन्ह असलेले, अगदी तिरंगीही मिळते. विक्रेत्याची बाकीची यादी उघडा. एकच घड्याळ सहा रंगांत आणि सगळे ‘दुर्मीळ’ असेल, तर तुम्ही रंगाऱ्याच्या दुकानात आहात.

सेकोमध्ये आकडे मदत करतात. मागच्या झाकणावर चार आकडी मशीन-क्रमांक आणि त्यापुढे केसचा क्रमांक असतो. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत तोच मशीन-क्रमांक असतो आणि मशीनवरही तो असतो. तिन्ही जुळले पाहिजेत. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा दाखवतो आणि दुसरा महिना. दशक मात्र मशीनवरून ठरवावे लागते. ७००९ हे मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातले आहे, त्यामुळे ‘सेको ५, ७००९, साठच्या दशकातले’ असे वर्णन दिसले की पुढे वाचायचेच कारण नाही.

स्विस घड्याळाच्या मशीनचा फोटो नसेल तर बोली लावू नये. ज्या कारखान्याने मशीन बनवले त्याची खूण आणि कॅलिबरचा (मशीनच्या नमुन्याचा) क्रमांक सहसा बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या, चाकाखाली ठोकलेला असतो. मुंबई स्पेशलमध्ये तिथे वारंवार ‘एफएचएफ’ (एक स्विस मशीन-कारखाना) आणि ‘एसटी ९६’ (त्याच्या मशीनचा क्रमांक) दिसते. हे साधे, टिकाऊ मशीन आहे आणि स्वस्त घड्याळात ते असणे गैर नाही. पण तबकडीवर ‘ओमेगा’ आणि आत एसटी ९६ असेल तर विषय संपला. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिले आहे पण आपोआप चावी देणारा फिरता रोटर मशीनवर नाही, किंवा वर २१ ज्वेल आणि आत १७, असेही सर्रास आढळते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर अनेक अडाणी हात फिरून गेलेत असे समजावे.

रात्री चमकणाऱ्या तबकडीला भुलू नका. साधारण १९६० पर्यंत रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम. ट्रिटियम सुमारे दर १२ वर्षांनी निम्मे होते, म्हणजे साठच्या दशकातल्या तबकडीवर ते आज जवळजवळ संपलेले असते. रेडियम शेकडो वर्षे टिकते, पण त्याच्या माऱ्याने सोबतची जस्ताची भुकटी निकामी होते, म्हणून तेही चमकत नाही. दहा सेकंद टॉर्च मारल्यावर जे घड्याळ तासभर हिरवे दिसते, त्याला नवा लेप दिला आहे. (रेडियमची तबकडी घरी खरवडू नये, तिची धूळ श्वासातून आत जाणे धोक्याचे आहे.)

‘मिलिटरी’ हा शब्दही तसाच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी ठरावीक नमुन्याची घड्याळे बनवली, त्यांच्यावर बाणाचे सरकारी चिन्ह असे. बाण रंगवणे मात्र दोन मिनिटांचे काम आहे. त्या बारांत फावर-ल्यूबा नव्हते, वेस्ट एंडही नव्हते.

हे सगळे स्वस्त मालाचे, असे समजून श्रीमंतांनीही निर्धास्त राहू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ चे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकवर गेले. २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेले असल्याचे बाहेर आले आणि आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात असल्याचे खुद्द ओमेगाने सांगितले.

बोलीआधी विक्रेत्याकडून फोटो मागवा: काचेवर चमक न येता समोरून तबकडी, मशीन, झाकणाची आतली बाजू, लगच्या मधली जागा (मुलाम्याखालचे पितळ तिथे पहिल्यांदा उघडे पडते) आणि काटे चार वाजून चाळीस मिनिटांवर लावून एक. हा शेवटचा फोटो आला तर घड्याळ त्याच्याकडे आहे आणि चित्र दुसऱ्याचे उचललेले नाही, एवढे तरी कळते. ‘चालू स्थितीत’ म्हणजे हलवल्यावर टिकटिकते, इतकेच. पूर्ण चावी दिल्यावर टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) काय दिसते ते विचारा. तबकडी वर ठेवून बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. २०० च्या खाली असेल तर सफाई आणि तेल-पाण्याचा खर्च बोलीतून आधीच वजा करा. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून कमाल आकडा कागदावर लिहावा आणि शेवटच्या मिनिटाला तो ओलांडू नये. विक्रेत्याच्या नावापुढच्या ‘९९ टक्के ग्राहक समाधानी’वर विसंबू नये, कारण तारांकन पार्सल मिळाल्या दिवशी दिले जाते आणि झाकण उघडले जाते महिन्यांनी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. परतीची मुदत संपण्याआधी घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या.

आमची सूचना लिलाव चालवणाऱ्या संकेतस्थळांसाठी आहे. जुन्या घड्याळाच्या जाहिरातीत ‘तबकडी: मूळ / रंगवलेली / माहीत नाही’ असा सक्तीचा रकाना ठेवावा आणि मशीनच्या फोटोशिवाय जाहिरात स्वीकारू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचे आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. घरातले एखादे जुने घड्याळ विकणारी खासगी व्यक्ती या नियमांत बसत नाही, त्यामुळे समोरचा व्यापारी आहे की नाही, हे त्याच्या जाहिरातींच्या संख्येवरून बोलीआधीच पाहून घ्यावे.

आपले,
जुन्या घड्याळांचे काही संग्राहक व दुरुस्तीकार, पुणे