उत्प्रेरकही अभिक्रियेत उतरतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानाच्या पानावर 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त वेग वाढवतो' असे वाक्य छापून आले. नागपुरातल्या शिकवणी वर्गांच्या नोट्समध्येही ते असते आणि बारावीची मुले घोकून येतात. भाग न घेता वेग वाढेलच कसा, असे एखादी मुलगी विचारते तेव्हा तिला गप्प बसवतात, याचे फार वाईट वाटते. शंका तिचीच बरोबर असते.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना मी एक प्रयोग हमखास दाखवत असे. रोशेल सॉल्ट या क्षाराच्या (पोटॅशियम सोडियम टार्ट्रेट) ६०-७० अंशांपर्यंत तापवलेल्या द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की बुडबुडे येतात, पण अगदी संथ. मग हातमोजे घालून त्यात कोबाल्ट क्लोराइडचे गुलाबी द्रावण थोडेसे ओतायचे. थोडा वेळ काहीच होत नाही. मग रंग हिरवा होतो, चंचुपात्र फसफसून काठापर्यंत येते, आणि सगळे निवले की पुन्हा तोच गुलाबी! हिरवा असतो तेव्हा कोबाल्ट स्वतः अभिक्रियेत गुंतलेला असतो; गुलाबी झाला की काम आटोपून सुटलेला. इतके उघड दिसत असताना 'भाग घेत नाही' कशाला शिकवायचे?

उष्णतेनेही वेग वाढतो. आमच्या मे महिन्यात पेरॉक्साइडची बाटली म्हणूनच फ्रिजमध्ये ठेवावी लागे. पण उष्णतेने रेणूंची ऊर्जा वाढते, वाट जुनीच राहते. उत्प्रेरक कमी ऊर्जेची दुसरी वाट काढून देतो. उत्क्रमी, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेत तो पुढचा आणि मागचा, दोन्ही वेग वाढवतो. म्हणून अमोनिया बनवताना लोह या उत्प्रेरकामुळे समतोल, म्हणजे दोन्ही वेग सारखे होण्याची स्थिती, लवकर येतो, समतोलातले अमोनियाचे प्रमाण मात्र वाढत नाही. 'उत्प्रेरकाने उत्पादन वाढते' असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

कृपया त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. शिक्षकांनाही विनंती, की हा धडा नुसता फळ्यावर उरकू नका. कोबाल्ट नसेल तर औषधाच्या दुकानातले पेरॉक्साइड आणि बटाट्याची कच्ची फोड पुरते, लगेच फेस येतो. शेजारी उकडलेली फोडही ठेवा. तिच्यातले विकर (एन्झाइम, म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक) उष्णतेने निकामी झालेले असते, त्यामुळे फेस येत नाही. तो का येत नाही, हे मुलांनाच विचारा.

आपली,
एक सेवानिवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर