नांदूर मध्यमेश्वरचा हंगाम जानेवारीत संपत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उलटला, की नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याविषयी ‘पाहुणे पक्षी परतीच्या वाटेवर, हंगाम आटोपला’ अशा आशयाच्या बातम्या जिल्हा पानांवर येऊ लागतात, आणि यंदा आपल्या दैनिकातही तशी बातमी आली. पक्षी परतीच्या वाटेवर लागतात हे खरे आहे. हंगाम आटोपला, हे मात्र मला मान्य नाही. निफाड तालुक्यात राहणारा आणि चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर नेमाने जाणारा वाचक म्हणून या समजुतीचा प्रतिवाद करावासा वाटतो, कारण तिचे परिणाम वाचकांच्या सहलींपुरते मर्यादित राहत नाहीत, व्यवस्थापनातही उतरतात.

परतीचा प्रवास म्हणजे एका रात्रीत रिकामे होणारे धर्मशाळेचे अंगण नव्हे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तो टप्प्याटप्प्याने चालतो, आणि या काळात येथे नुसती घट होत नाही, तर अदलाबदल होत असते: पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आणि क्रौंच आधी निघतात, तलवार बदके व थापट्या बदके हळूहळू विरळ होतात, आणि त्याच वेळी दक्षिणेकडे हिवाळा काढून उत्तरेकडे निघालेले काही थवे दोन-चार दिवसांसाठी येथे उतरतात. म्हणून आदल्या रविवारी ओसाड दिसलेल्या काठावर पुढच्या रविवारी टिलवे आणि तुतवार या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांची गर्दी दिसली, तर त्यात नवल नाही.

पाहणाऱ्याच्या दृष्टीनेही हे दिवस हिवाळ्यापेक्षा सरस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरात आलेला भुवई बदकाचा नर मादीसारखाच मळकट तपकिरी असतो आणि नवख्याला तो ओळखूही येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या डोळ्यावरची पांढरी कोर अशी ठसठशीत होते की दुर्बिणीविनाही नजरेत भरावी. थंडीभर राखाडी दिसणाऱ्या मालगुजा या लांब चोचीच्या पाणपक्ष्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढतो. पिवळ्या धोब्यांची गंमत तर याहून मोठी आहे, कारण हिवाळ्यात एकसारख्या फिक्या दिसणाऱ्या या पक्ष्यांतील नरांची डोकी मार्चमध्ये कुणाची काळी, कुणाची करडी अशी वेगवेगळी होतात आणि हे सारे एकाच मुलखातून आलेले नाहीत हे शेतातल्या पाटाच्या कडेला उभे राहूनच कळते. काटेसावर, पळस आणि पांगारा फुललेला असताना त्यांवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे याच दिवसांतले. (द्राक्षबागायतदार आणि ज्वारीवाले त्यांना काय म्हणतात ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण याच भोरड्या मध्य आशियातील वीणक्षेत्रात टोळ आणि नाकतोडे फस्त करतात, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परतीला निघणाऱ्या पक्ष्याला या काही आठवड्यांत अंगावर चरबी साठवावी लागते, कारण पुढच्या मोठ्या टप्प्यांचे इंधन तेच असते. पट्टकादंब तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या उंच सरोवरांकडे जाताना हिमालय ओलांडतो आणि उपग्रह यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात त्याची उड्डाणे ७,००० मीटरहून अधिक उंचीवरही नोंदली गेली आहेत. असा पक्षी मार्चमध्ये गोदाकाठच्या हरभऱ्यात किंवा गवतात चरत असेल, तेव्हा त्याला वारंवार उठवणे म्हणजे त्याची शिदोरी त्याच्याच हातून सांडवणे होय. फोटोसाठी थव्याच्या अगदी जवळ जाऊन, टाळ्या वाजवून तो उडवणारे महाभाग जानेवारीत दिसतातच, पण तेव्हा पर्यटकांची वर्दळ असल्याने कुणीतरी हटकणारे भेटते. मार्चमध्ये गर्दी ओसरते आणि हटकणाराही उरत नाही.

याहून मोठा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. नांदूर मध्यमेश्वर हे नैसर्गिक सरोवर नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्याच्या फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे अडून पसरलेल्या पाण्यात, शंभर वर्षे गाळ साठत गेला, आणि त्या गाळाच्या उथळ बेटांवर हे पक्षीतीर्थ उभे राहिले. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. गोदावरीचे डावा व उजवा कालवा आणि वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा यांना पाणी येथूनच मिळते. तेव्हा पाण्यावर पहिला हक्क शेतीचा आहे याबद्दल माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वाद घालण्याचे कारण नाही. मात्र उन्हाळी आवर्तनांचे, म्हणजे कालव्यांना पाळीपाळीने पाणी सोडण्याचे, दिवस आणि परतीच्या स्थलांतराचे दिवस नेमके एकमेकांवर येतात. टिलव्यासारखा पक्षी बोटभर पाण्यात आणि ओल्या चिखलातच किडे टिपू शकतो. डोके खाली, शेपटी वर करून चरणाऱ्या तलवार बदकालाही तळ त्याच्या मानेच्या पल्ल्यात असावा लागतो. वरच्या धरणातून पाणी आल्यावर फुगवटा एकदम चढला, तर हा सगळा उथळ पट्टा बुडतो. आणि आवर्तन संपल्यावर तो एकदम उतरला, तर उघडा पडलेला चिखल मार्चच्या उन्हात वाळून कडक होतो, ज्यात चोच शिरत नाही. दोन्ही वेळा पाणी भरपूर असो वा कमी, पक्ष्याचे ताट मात्र रिकामेच.

यावर उपाय आवर्तन रोखण्याचा नाही. कालव्याला जेवढे पाणी जायचे आहे तेवढे जाऊ द्यावे. पण फुगवट्याची पातळी चढवताना आणि उतरवताना ती शक्य तेथे एका दमात न बदलता टप्प्याने बदलावी, आणि त्यासाठी जलसंपदा विभाग व वन्यजीव विभाग यांनी फेब्रुवारीत एकत्र बसून आवर्तनांचे वेळापत्रक पाहावे, एवढीच मागणी आहे. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम सुज्ञ वापराचे तत्त्व सांगतात, आणि शेतीच्या पाण्यातूनच जन्मलेल्या जलाशयाला ते लागू करायचे, तर त्याचा अर्थ याहून वेगळा काय असू शकतो?

पाणवेलीविषयी, म्हणजे जलपर्णीविषयी, वेगळे लिहायला हवे, पण थोडक्यात सांगतो. रामसर यादीतील या स्थळाच्या वर्णनातच जलपर्णीचा धोका नमूद आहे, आणि तिला पोसणारे सांडपाणी वरच्या अंगाने, शहरांतून येते. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करण्याची चर्चा घाटांपाशी थांबते. ती संगमापर्यंत यावी.

नोंदींकडेही लक्ष वेधतो. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते आणि ती तशीच व्हायला हवी, कारण सर्व देशांत एकाच वेळी मोजल्याशिवाय तुलना होत नाही. मात्र त्या एका मोजणीवर आपण वर्षाचे चित्र रंगवतो, आणि मार्च अखेरीस येथे काय असते याची पद्धतशीर नोंद फारच तुटपुंजी राहते. पहिला थवा कधी आला, हे सगळे उत्साहाने लिहितात. शेवटचा कधी गेला, हे लिहिणे अवघड, कारण तो शेवटचा होता हे नंतर कळते. म्हणूनच या दिवसांत सातत्याने जाणारी माणसे लागतात. तापमान वाढत असताना पक्षी लवकर निघू लागले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतूनच मिळू शकते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. ती पट्टी वाचायला कुणी हजर असेल तरच तिचा उपयोग.

वन्यजीव विभागाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्थानिक गाइड, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पक्षीमित्र यांना घेऊन दुसरी मोजणी करावी. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांतील जे तरुण हिवाळ्यात गाइड म्हणून काम करतात, त्यांना त्यामुळे आणखी काही आठवडे रोजगारही मिळेल. वाचकांनी यायचे तर सकाळी साडेसहाच्या आत यावे, कारण नऊनंतर ऊन आणि पाण्यावरची चकाकी दोन्ही दुर्बिणीला नकोसे करतात. भडक कपडे आणि ब्लूटूथचे स्पीकर घरी ठेवावेत.

आपल्याला एक विनंती आहे. जलसंपदा विभागाकडून आवर्तनाच्या तारखा आपल्या दैनिकाकडे शेतकऱ्यांसाठी येतच असतात. त्या छापताना शेजारी त्या आठवड्यात नांदूर मध्यमेश्वरला दिसलेल्या पक्ष्यांची चार ओळींची नोंद १५ एप्रिलपर्यंत द्यावी. माहिती पुरवायला आमच्यापैकी कुणीही तयार होईल.

आपला नम्र,
एक वाचक
ता. निफाड, जि. नाशिक