साखरपुड्याचा बाँड कशाला?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की इथल्या कोर्टाबाहेर स्टँपपेपरवर करार लिहून देणाऱ्या आम्हा बाँडरायटरांच्या टेबलावर हल्ली एक नवीन गिऱ्हाईक येतं. त्याला साखरपुड्याचा बाँड करून हवा असतो. टेबल मी मुलाच्या हवाली केलंय, तरी बसायला जातो. परवा मुलगी खानापूरकडची, मुलगा बैलहोंगलचा. एक घर मराठी, एक कानडी. याद्या कुठल्या भाषेत करायच्या यावर घोडं अडलं, म्हणून तोडगा इंग्रजीचा. मोबाइलवरून उतरवलेला मसुदा पुढं आला. त्यात 'प्लाइट देअर ट्रॉथ' (वचनाला बांधून घेणं), 'अफायन्स्ड' (वाग्दत्त), 'इस्पाउझल्स' (वाङ्निश्चय) असले शब्द. मुलाचे मामा म्हणाले, "जुनं इंग्लिश हाय, कोर्टात वजन पडतं."

कसलं वजन ओ? 'ट्रॉथ'ची ती शपथ इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात आहे, आणि ती लग्न लागताना घ्यायची, साखरपुड्यात नव्हे. त्यातही नवऱ्यानं वचन 'प्लाइट' करायचं, म्हणजे त्याला बांधून घ्यायचं, नवरीनं नुसतं 'गिव्ह', म्हणजे द्यायचं.

एके काळी तिथं वचन मोडणं सोपं नव्हतं, हे खरं. लॉर्ड हार्डविक यांचा १७५३चा कायदा येईपर्यंत चर्चची कोर्टं शब्द दिलेल्याला लग्न करायला लावू शकत. त्याच कायद्यानं लग्नाच्या अटीही कडक केल्या, पण तो स्कॉटलंडला लागू नव्हता. मग पळून निघालेली जोडपी हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन हे तिथलं सीमेवरचं गाव गाठत, तिथं लोहारसुद्धा लग्न लावून देई. (हद्दीचा असला फायदा आम्हा सीमाभागवाल्यांना कधी झाला नाही.) पुढं मोडलेल्या वचनाबद्दल पैसे मागायची सोय उरली होती, तीही १९७०च्या कायद्यानं गेली. इंग्रजांनीच टाकून दिलेलं आम्ही इथं स्टँपपेपरवर टाइप करून मागतो.

आपल्याकडं बाँड दाखवून कुणाला बोहल्यावर उभं करता येत नाही. सप्तपदीची रीत असेल तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं, असं १९५५चा हिंदू विवाह कायदा सांगतो.

मला घाम फुटला तो मसुद्याचं दुसरं पान बघून. लग्नाच्या बदल्यात इतके तोळे, इतकी रोकड, एक मोटारसायकल. खाली दोन्ही बापांच्या सह्यांची जागा, साक्षीदार वेगळे! हुंडा घेणं जसा गुन्हा तसाच देणंही, १९६१पासून. शिक्षा कमीत कमी पाच वर्षं, आणि असला करार मुळातच रद्दबातल. म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच खर्चानं तयार करायचा. मी हे सांगितलं तर मामा रागावले. मुलीचे वडील मात्र कागद घडी करून खिशात घालून गेले.

भावकीसमोर सुपारी फुटली, साखर वाटली, मुलीला कुंकू लावलं, हे साक्षीला पुष्कळ झालं. कागदच हवा असेल तर हुंडाबंदीच्या १९८५च्या नियमांत सांगितलेली भेटींची यादी करा. न मागता आलेली भेट कोणती, अंदाजे किंमत काय, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, आणि खाली नवरानवरीच्या सह्या. मुलीला मिळालेल्याची एक यादी, मुलाला मिळालेल्याची दुसरी. ही यादी लग्नाच्या वेळी, नाहीतर त्यानंतर होईल तितक्या लवकर करायची असते.

आपल्या लग्नविशेष पुरवणीत उखाण्यांशेजारी या यादीचा कोरा नमुना छापाल का? मराठी आणि कानडी, दोन्ही छापा. म्हणजे इथल्या दोन्हीकडच्या व्याह्यांना तो वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त बाँडरायटर, शहापूर, बेळगाव