अकरा नंबरच्या खाटेकडून, स्पीच थेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

बाबांना घरी आणून अडीच महिने होत आले. डिस्चार्जच्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्याला तिन्ही मजल्यांवर शोधले, पण त्या दिवशी आपली सुटी होती. पेढे सिस्टरांनी वाटून खाल्ले, आभार मात्र राहून गेले, म्हणून हे पत्र. ते चारचौघांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे, कारण आपण सांगितलेल्या गोष्टी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या इतर लेकी-सुनांच्याही उपयोगी पडतील. आपले नाव लिहीत नाही. ते आपल्याला आवडले नसते.

बाबा रात्री दहा वाजता सगळ्यांशी नीट बोलून झोपले आणि सकाळी उठले ते उजवा हात लुळा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले, अशा अवस्थेत. पक्षाघात होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्रास झोपेत नेमका केव्हा सुरू झाला हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना, त्यामुळे ती संधी हुकली. मेंदूची डावी बाजू दुखावली होती. उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. उरला एकच शब्द, ‘चला’. तीस वर्षे पुण्याच्या पीएमटी बसमध्ये कंडक्टर म्हणून ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणत आलेल्या माणसाकडे तोच शब्द शिल्लक राहावा, याला काय म्हणावे? पाणी हवे असले तरी ‘चला’, आई दिसली तरी ‘चला’. आमची तर समजूत झाली की बाबांना आता काही कळत नाही.

चौथ्या दिवशी आपण आलात. तोवर जो तो बाबांबद्दल आम्हाला विचारत असे: झोपले का, दुखते का, शी झाली का. आपण स्टूल ओढून त्यांच्या नजरेसमोर बसलात, त्यांना स्वतःचे नाव सांगितलेत आणि त्यांनाच विचारलेत, “काका, कुठं दुखतंय का?” मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा माझ्याकडे न बघताच आपण हाताने मला थांबवलेत. वॉर्डात मागे कुणाचा तरी मोबाइल वाजत होता, जेवणाच्या ट्रॉलीचा खडखडाट चालला होता, आणि आपण नुसत्या बसून होतात. अर्धा मिनिट तरी गेला असेल. मग बाबांनी डावा हात हळूहळू उचलला आणि उजव्या खांद्यावर ठेवला.

तीन दिवस आम्ही त्यांना उशीकडे वर सरकवताना तोच लुळा हात धरून ओढत होतो. स्नायूंचा आधार सुटला की खांद्याचा सांधा खाली ओघळतो, आणि अशा वेळी हात ओढला तर तो कायमचा दुखणाईत होऊ शकतो, हे आपण आणि नंतर आलेल्या फिजिओथेरपिस्ट सरांनी समजावलेत. त्या दिवसापासून बाबांच्या हाताखाली उशी आली आणि त्यांना उचलताना आमचे हात त्यांच्या पाठीमागे जाऊ लागले. ते अर्धे मिनिट आपण थांबला नसतात तर हे आम्हाला केव्हा कळले असते, कोण जाणे.

बाहेर व्हरांड्यात आपण मला ‘वाचाघात’ हा शब्द दिलात. बाबांना समजते पुष्कळ, पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. ‘हो’ म्हणायचे असताना मान ‘नाही’ अशीही हलेल, म्हणून एकाच उत्तरावर विसंबू नका, असे आपण बजावलेत. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी तपासलेला एक रुग्ण ‘तान’ याखेरीज फारसे काही बोलत नसे, आणि वाचेची जागा मेंदूत कुठे आहे याचा मोठा पुरावा त्याच्यापासून मिळाला, हेही आपल्याकडूनच कळले. ‘तान’ म्हणणाऱ्याच्या शेजारी आमचे ‘चला’वाले बाबा मला एकदम कमी एकटे वाटले. आमचे थोरले काका मात्र भेटायला आले की बाबांच्या कानाशी ओरडत. “त्यांना ऐकू येतं, शब्द सापडत नाहीत,” हे आपण त्यांना इतक्या शांतपणे सांगितलेत की पेठेत जन्म काढलेला तो माणूस उलट उत्तर न देता गप्प बसला. आमच्या घराण्यात असे आधी घडल्याचे ऐकिवात नाही.

माझी एक चूक येथे लिहायलाच हवी. नाकातली नळी असताना बाबा चहाच्या कपाकडे फार केविलवाणे बघत होते, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना चमचाभर चहा पाजला. ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, सिस्टर धावत आल्या. दुसऱ्या दिवशी आपण रागावला नाहीत. पातळ पदार्थ घशातून वेगाने जातो, गिळणे मंदावलेले असले तर तो श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो, हे कागदावर चित्र काढून दाखवलेत. पुढे चाचणी घेऊन आपण दाट केलेला चहा सुरू केलात: ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एक चमचा, आणि संपल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. अमृततुल्यचा चहा पिऊन वाढलेल्या माणसाने त्या खळीसारख्या चहाकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ लावायला कोणत्याही थेरपीची गरज नव्हती.

आणि मग थांब्यांची सकाळ. आकडे, वार, आरत्या असे पाठ झालेले बोलणे कधी कधी मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहते, असे म्हणत आपण बाबांना एक ते दहा म्हणायला लावत होतात. ते दोनवर अडकत. आपण त्यांची नोकरी विचारलीत, कोथरूडची गाडी असे मी सांगताच आपण पलंगाच्या लोखंडी दांड्यावर पेनने दोनदा टकटक केलीत. डबल बेल! बाबांची मान वर झाली. आपण म्हणालात, “डेक्कन...” आणि थांबलात. “गर... गरवारे,” बाबा म्हणाले. मग रसशाळा, नळ स्टॉप, एसएनडीटी, पौड फाटा. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. आई पदर तोंडात धरून उभी होती. याला बोलणे आले असे समजू नका, ही नुसती किल्ली आहे, असे आपण लगेच सांगितलेत आणि आमचा आनंद जमिनीवर ठेवलात, त्याबद्दलही आभार.

आपण सांगितलेली चित्रांची वही मी केली. पाणी, युरिनल, पंखा, चष्मा, दुखते, आई. अजून रोज वापरतो. कधी मध्येच रडू फुटते, तेही आजाराचाच भाग आहे हे माहीत असल्यामुळे आता कुणी घाबरत नाही.

गेल्या आठवड्यात तपासणीत गिळणे चांगले सुधारल्याचे दिसले आणि साध्या चहाला परवानगी मिळाली. परवा सकाळी मी कप ठेवला. बाबांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, “साखर.” साखर तर घातली होती. तसे सांगणार होते, पण आपली आठवण झाली आणि गप्प बसून राहिले. गॅसवर कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

“कमी,” बाबा म्हणाले.

आपली कृतज्ञ,
अकरा नंबरच्या कंडक्टरांची मुलगी