गवा वाजतो काय? : जांबोटीच्या मामांना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. डिसेंबरच्या सायकल राइडला येणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं म्हणून. तुम्हाला नातू वाचून दाखवेलच. त्याला सांगा, मधले आकडे गाळू नकोस.

आमची राइड बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. तिच्या नियमांत २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. ही शर्यत नव्हे, नंबर नाहीत, मागून मदतीची गाडी नाही, पंक्चर ज्याचं त्यानं काढायचं. आमचा मार्ग कागदावर तयार होता. सकाळी सातला बेळगाव सोडायचं, आधी खानापूर, नंदगड, हल्याळ करायचं, मग मागं फिरून जांबोटी, कणकुंबी आणि शेवटी कुसमळीवरून घरी. अंतर जुळत होतं, चढ मोजलेले होते. रेकीत, म्हणजे राइडआधीच्या रस्त्याच्या पाहणीत, आता फक्त खड्डे लिहून घ्यायचे, अशा समजुतीत आम्ही जांबोटीच्या टपरीवर चहा पीत होतो. तुम्ही कागद ओढून घेतलात आणि खड्ड्यांचं नावही काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, "शेवटचा गडी हितनं कितीला जाणार?"

ताशी १५ किलोमीटरनं हिशेब मांडला. शेवटचा स्वार कणकुंबीत साडेचारच्या पुढं, जांबोटीत पावणेसहाच्या आसपास. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे पुढचं कुसमळीपर्यंतचं रान त्यानं दमलेल्या पायांनी, एका हेडलाइटच्या उजेडात काढायचं.

"ती गव्यांची वेळ," तुम्ही म्हणालात.

मीही हटलो नाही. मार्ग उलटा फिरवला तर संध्याकाळी नंदगडच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर आडवे येणार, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागं दिव्याचा पत्ता नाही. त्यावर तुमचं उत्तर: "ट्रॅक्टर वाजत येतो की हो. गवा वाजतो काय?"

मार्ग तिथंच उलटा झाला. आता रान सकाळच्या उजेडात आणि उघडा मुलूख संध्याकाळी, जिथं निदान गावं आहेत, दुकानं आहेत, हाक मारली तर माणूस आहे.

उभा जन्म रस्ता दुरुस्तीच्या गँगवर काढलेला माणूस रस्ता कसा बघतो, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मोटरसायकलवर मागं बसून तुम्ही कणकुंबीपर्यंत आलात आणि वाटेत एका मोरीपाशी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवलीत. मला तिथं धड डांबर दिसत होतं. तुम्ही डाव्या कडेला उकिडवे बसलात, पाचोळा बाजूला सारलात आणि माझा हात धरून खाली टेकवलात. हाताला बुळबुळीत शेवाळ लागलं. पावसाळ्यात जांभ्या दगडात मुरलेलं पाणी पुढं कितीतरी दिवस पाझरत राहतं आणि गर्द सावलीत ते वाळत नाही. मोटारीची चाकं एवढ्या कडेला येतच नाहीत, म्हणून शेवाळ टिकतं. आणि सायकलवाला नेमका तिथूनच जातो. नकाशावर हे कधीच दिसलं नसतं. खरं सांगायचं तर मोटारीतून रेकी केली असती तरी दिसलं नसतं, आणि अशा रेकी पुष्कळ होतात.

मलप्रभा कणकुंबीला उगवते हे शाळेत पाठ केलं होतं. त्या डोंगरात पाणी किती काळ टिकतं, हे मात्र त्या मोरीवर समजलं. अशा जागा तुम्ही दाखवत गेलात, मी लिहीत गेलो. खचलेल्या साइडपट्ट्याही त्यातच आल्या. हे सगळं आता प्रत्येक स्वाराच्या क्यू शीटवर, म्हणजे वाटेच्या खुणांच्या कागदावर आहे.

ट्रॅक्टरवाल्यांचं काम तर आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. आम्ही शहरातली चार पोरं हेल्मेट घालून सांगायला गेलो असतो तर हसून सोडून दिलं असतं. हल्याळच्या वाटेवर ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. तुम्ही ड्रायव्हरांशी कन्नडात आधी ऊस कुठला, मुकादम कोण, खेप कधी मिळते असल्या गप्पा मारल्यात, मग हळूच पिशवीतल्या रेडियमच्या पट्ट्या काढल्यात. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या ट्रॉलीमागं स्वतः चिकटवल्यात. दोघा-तिघांनी नाही म्हटलं, त्यांच्याबरोबरही चहा घेतलात. आमच्या स्वारांना अंधारात लाइट आणि रिफ्लेक्टर जाकीट सक्तीचं आहेच, पण समोरची बाजूही बघावी लागते, हे आम्ही धरलंच नव्हतं.

मामींना नमस्कार सांगा. तांदळाची भाकरी आणि ती सुक्या मिरच्यांची चटणी अजून आठवते; डबा परत करायचा राहिलाय, तो राइडच्या दिवशी आणतो.

त्या दिवशी जांबोटीचा कंट्रोल, म्हणजे स्वारांच्या कार्डावर शिक्का मारायचा थांबा, तुमच्या टपरीवरच ठेवलाय. शिक्का तुम्ही मारायचा. पहिला स्वार आठच्या सुमारास येईल, साडेनऊनंतर आलेल्याला शिक्का नाही, ओळखीचा असला तरी. कणकुंबीहून परत येतील तेव्हा पुन्हा एक. शाईचा पॅड मी आणतो, चष्मा तेवढा तुमचा तुम्ही आठवणीनं घ्या.

तुमचा,
बेळगावचा सायकलवाला