ऐनवेळी येणारे विषय: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या एका नगरपालिकेतून मी सभा लिपिक म्हणून निवृत्त झालो. विषयपत्रिका काढायची, नगरसेवकांच्या घरी पोहोचवायची, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि मग इतिवृत्त लिहायचं, हे काम मी 28 वर्षं केलं. ‘सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर’ हे शब्द माझ्या हातून किती वेळा उतरले, त्याची मोजदाद नाही. त्यातल्या दोन ठरावांमुळे मला आजही झोप लागत नाही, म्हणून हे पत्र. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आसपासच्या गावांतले माझ्यासारखे लिपिकही मला हेच सांगत आले आहेत.

पहिला ठराव मुख्य रस्त्यावरच्या लोटगाड्या आणि भाजीवाल्या हटवण्याचा. तो छापील विषयपत्रिकेत नव्हता. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली आला. मी वाचला, दोघांनी नावं दिली, विषय संपला. सभागृहात मागे नागरिकांसाठी दोन बाकं होती. त्या दिवशी ती रिकामी होती, कारण असा विषय येणार आहे हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी अकराच्या सुमारास पथक निघालं. मे महिना होता. मी त्याच रस्त्यानं चाललो होतो. शेजारच्या खेड्यातून भरताची वांगी घेऊन येणारी एक बाई तिथं बसायची. पथकातल्या पोरानं आधी तिचा तराजू उचलला, मग पाटी उलटी केली. हिरवीगार वांगी गटारीपर्यंत घरंगळत गेली. ती एकेक वेचून ओच्यात टाकत होती. त्या दिवशीची बाजार फीची पावती तिच्या बटव्यात होती. म्हणजे सकाळी आठला ज्या नगरपालिकेनं तिच्याकडून जागेचे पैसे घेतले, तिनंच अकराला तिला अतिक्रमण ठरवलं. मला ओळखून ती एवढंच म्हणाली, “भाऊ, आमले कोनी इचारंच नही.” तराजूसाठी ती पुढे तीन दिवस कार्यालयाच्या पायरीवर बसून होती.

महोदय, विचारायचं कसं हे कायद्यानं सांगून ठेवलं आहे. पथविक्रेता कायदा 2014 सालचा. सर्वेक्षण पुरं होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. जागा बदलायची तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर सहीनिशी यादी हातात द्यायची, आणि माल नाशवंत असेल तर मागणी झाली त्याच दिवशी परत करायचा. सगळ्यात महत्त्वाची ती नगर पथविक्रेता समिती. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष, किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश बाया. आमच्याकडे ही समिती फाईलमध्ये होती. मी निवृत्त होईपर्यंत तिच्या एकाही बैठकीचं इतिवृत्त माझ्या हातून लिहिलं गेलं नाही. एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

व्यापाऱ्यांची तक्रार खोटी होती, असं मी म्हणत नाही. दुकानापुढे गाड्यांची रांग लागली की गिऱ्हाईक आत येत नाही आणि ॲम्ब्युलन्स अडकते. ते निवेदन घेऊन आले, दालनात बसले, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. तसंच व्हायला हवं. पण त्याच दालनात ती वांगीवाली बसली असती तर अर्ध्या तासात तोड निघाली असती. खेड्यातल्या भाजीवाल्या सकाळी सहाला येतात आणि दुपारच्या एसटीनं परत जातात. खाण्याच्या गाड्या संध्याकाळी लागतात. एकाच जागेवर दोन वेळा वाटून देता आल्या असत्या. त्याऐवजी त्यांना गोदामामागचं मोकळं मैदान दाखवलं गेलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. तिथं ना सावली, ना पाण्याचा नळ, ना कोणाची जा-ये. महिनाभरात सगळ्या पुन्हा रस्त्यावर आल्या. ठराव मात्र आजही कागदावर मंजूर आहे.

दुसरा ठराव सफाईच्या ठेक्याचा, आणि तो मला जास्त बोचतो. अंदाजपत्रकापेक्षा 17 टक्के कमी दराची निविदा आली. सगळ्यांना आनंद झाला, नगरपालिकेचे पैसे वाचले. मीही ‘सर्वात कमी दराची निविदा स्वीकारण्यास मंजुरी’ असं लिहून मोकळा झालो. रात्री घरी बेरीज करत बसलो. या कामात यंत्रं थोडी, बाकी सगळी माणसांची मजुरी. किमान वेतन सरकारनं ठरवलेलं, विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलणारा. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा 12 टक्के, ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा, सव्वातीन टक्के. यातला एकही आकडा ठेकेदाराला कमी करता येत नाही. मग 17 टक्के कुठून आले?

उत्तर काही महिन्यांनी मिळालं. आमच्या गल्लीत पहाटे पाचला खराटा मारणाऱ्या मावशींनी मला पासबुक वाचायला दिलं. महिन्याला पगार पूर्ण जमा. त्याच दिवशी त्यातली मोठी रक्कम एटीएममधून काढलेली. मी विचारलं, पैसे कोण काढतं? म्हणाल्या, कार्ड मुकादमाकडे असतं, सगळ्याच बायांची कार्डं त्याच्याकडे असतात. कागद तपासायला कोणी आलं असतं तरी पासबुकात पगार पुराच दिसला असता. मावशींना हातमोजे दोन वर्षांत एकदा मिळाले होते, तेही पुरुषांच्या मापाचे.

ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे इथं नगरपालिकेची. हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. पण ज्या सभेनं हा दर मंजूर केला, तिच्यापुढे मजुरीचा हिशेब आलाच नव्हता. टिपणीत फक्त एकूण रक्कम होती.

वर्षानुवर्षं बऱ्याच नगरपालिकांवर प्रशासक होते. प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजूर करणारा तोच, बोलायला समोर कोणी नाही. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरू लागली आहेत. नव्या नगरसेवकांत तरुण पोरं-पोरी आहेत, वाचण्याची आणि प्रश्न विचारण्याची त्यांची तयारी दिसते. त्यांच्या हातात कागद वेळेवर पडला पाहिजे. याच खान्देशात, यावल तालुक्यातल्या फैजपुरात, 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा नि जमिनीच्या खंडाचा विचार शेतकऱ्यांच्या देखत झाला. माझे आजोबा तिथं चालत गेले होते. आमच्या घरात ती आठवण अजून सांगितली जाते.

आपल्या खात्यानं एक शासन निर्णय काढावा. विक्रेत्यांना हटवण्याचा, त्यांची जागा किंवा वेळ बदलण्याचा विषय ऐनवेळी घेता येणार नाही, आणि सभेपुढे येताना त्याला पथविक्रेता समितीच्या बैठकीचं इतिवृत्त जोडलेलंच असेल. सफाईच्या निविदेसोबत माणशी मजुरीचा तक्ता सभागृहात वाचला जाईल. किमान वेतन आणि वैधानिक वर्गणी यांच्या बेरजेपेक्षा कमी दराची निविदा उघडल्या दिवशीच बाद होईल. बिल मंजूर करण्याआधी दर तीन महिन्यांनी कामगारांना मुकादमाशिवाय बोलावून, पासबुक आणि कार्ड त्यांच्याच हातात आहे की नाही हे नगरपालिकेचा अधिकारी स्वतः पाहील. याला नवा पैसा लागत नाही.

ती वांगीवाली अजून बाजाराला येते. तराजू परत मिळाला नाही, तिनं नवा घेतला. पथविक्रेत्यांच्या निवडणुकीत आपलं मत असतं हे मी तिला मागच्या आठवड्यात सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “कधी शे ती?” मला तारीख सांगता आली नाही. प्रत्येक नगरपालिकेनं पथविक्रेता समितीच्या निवडणुकीची तारीख जाहीर करावी, असे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त सभा लिपिक, खान्देश