चंदेरी विमानांची स्पर्धा भर पावसात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिनाला आमच्या भागात विद्यार्थ्यांसाठी विमानांच्या मॉडेलची स्पर्धा होते. यंदाच्या विजेत्यांचा फोटो आपल्या दैनिकात पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात जाऊन मॉडेलंही पाहून आलो. मुलांनी मेहनत घेतली होती, यात वाद नाही. पण पहिलं बक्षीस मिळालेलं ‘तुफानी’ (आपल्या हवाई दलाचं जुनं लढाऊ जेट) नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलच्या पेल्यासारखं एकजात चमकत होतं. त्याच टेबलावर एका मुलीने तेच विमान पत्र्यागणिक वेगळी छटा देऊन, शेपटीकडे थोडं काळपट करून ठेवलं होतं. तिच्या कार्डावर शेरा होता: ‘रंग असमान’. हे पत्र थोडं त्या शेऱ्याबद्दल आणि जास्त स्पर्धेच्या तारखेबद्दल आहे.

मी डिचोलीचा सोनार. दुकान आता मुलगा पाहतो आणि मी मागच्या खोलीत विमानं करत बसतो. धातूला ओप देण्यात जन्म गेला, तेव्हा प्लास्टिकला धातूचा आभास कसा द्यायचा याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला असावा.

मूळ विमान एकसारखं का दिसत नाही, ते आधी सांगतो. विमानाचा पत्रा ड्युरॅल्युमिनियमचा, म्हणजे तांबं वगैरे मिसळून मजबूत केलेल्या ॲल्युमिनियमचा. हा मिश्रधातू लवकर गंजतो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. आमच्या धंद्यात याला मुलामाच म्हणतील. असा पत्रा न रंगवता चालतो आणि रंगाचं वजनही वाचतं. दुसऱ्या महायुद्धात 1944 च्या सुमारास अमेरिकेची नवी लढाऊ विमानं कारखान्यातून बिनरंगाचीच बाहेर पडू लागली, ती याच हिशेबाने. पण प्रत्येक पत्रा वेगळ्या जाडीचा, लाटताना पडलेल्या त्याच्या रेषा वेगळ्या दिशेच्या, शिवाय इंजिनाच्या झोताजवळचा धातू तापून तपकिरी-निळसर झालेला. डाकोटा या जुन्या मालवाहू विमानाचं सुकाणू तर कापडाचं, त्यावर ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लेप. ते बाजूच्या पत्र्यासारखं चमकेलच कसं? मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाची गंमत आणखी निराळी. त्याचं अंग उघड्या पत्र्याचं, पण पंखांचे सांधे लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेले आणि वर चंदेरी रंग मारलेला. म्हणजे मस्टँगचे पंख आरशासारखे चकचकीत करणाऱ्या मुलाचे गुण खरं तर कापायला हवेत. आपल्याकडे आलेली सुरुवातीची मिग-21 चंदेरी होती, पण त्यांच्या नाकाचा शंकू हिरवा. त्या मुलीने ही नजर कुठून मिळवली मला माहीत नाही, पण तिचा ‘असमान’ रंगच बरोबर होता.

परीक्षकांना दोष देऊन तरी काय उपयोग? उघड्या पत्र्याचं विमान गोव्यात बघायला मिळणार कुठे? बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सी हॉक आहे, अलिझे आहे, आधी एअर इंडियाकडे असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, पण नौदलाची विमानं रंगवलेलीच असतात. खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा ठेवणार कोण? त्यापेक्षा दाबोळीला किंवा मोपाला प्रवासाला जाल तेव्हा इंजिनाच्या तोंडाची गोल कड नीट बघा. बहुतेक प्रवासी विमानांवर ती बिनरंगाची असते. वरच्या अंगाला आभाळ दिसतं, खालच्या अंगाला धावपट्टीचा काळपटपणा, आणि दोन पावलं सरकलात की सगळं बदलतं. चंदेरी रंगाच्या डब्यातून हा खेळ येत नाही.

मॉडेलवर तो आणायचा तर निम्मं काम रंगाच्या आधीचं असतं. साधी लांबी सांध्यात भरली की ती सच्छिद्र असल्याने धातूच्या रंगाखाली मळकट पट्टा दिसतो, म्हणून मी सांधा फेविक्विकने भरतो आणि तो दगडासारखा घट्ट व्हायच्या आत घासून घेतो. मग 2000 नंबरचा पेपर पाण्यात बुडवून, पुढे आणखी बारीक. साध्या रंगाखाली लपणारा ओरखडा धातूच्या रंगाखाली वर येतो. बोटाचा तेलकट ठसासुद्धा उमटतो, म्हणून साबणाच्या पाण्याने धुतल्यावर प्लास्टिकला उघडा हात लावत नाही. आरशासारखी चकाकी हवी असेल तर खाली चकचकीत काळा रंग, लष्करी विमानाची मळकी झाक हवी असेल तर करडा. तो पूर्ण वाळला की वरून अल्क्लॅडसारखा धातूच्या छटेचा लॅकर (झपाट्याने वाळणारा रंग) एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने, 12-15 पीएसआयच्या हलक्या दाबावर, जेमतेम दिसेल इतका पातळ.

मला स्वतःला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल जास्त आवडतो. पातळ गोंद लावून एकेका पत्र्याच्या आकाराचा तुकडा बसवायचा आणि कान साफ करायच्या काडीने मधून कडेकडे दाबत न्यायचा. दुकानातली अकिकाची ओपणी (दागिना घासून चमकवायचं हत्यार) इथे चालत नाही, फॉइल फाटतो. फॉइललाही लाटल्याच्या रेषा असतात. शेजारच्या तुकड्याच्या रेषा आडव्या ठेवल्या की एकाच फॉइलचे दोन तुकडे दोन धातूंचे वाटतात. लाकडी दातकोरणीच्या टोकाने सांध्याची खाच दाबली की ती अशी उठते की दिव्याखाली पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. (चांदीचा वर्ख का लावत नाही, असं गिऱ्हाइकं विचारतात. चांदी काळी पडते, आणि विमान ॲल्युमिनियमचं असतं.)

आता तारखेबद्दल. स्पर्धा 15 ऑगस्टला, म्हणजे मुलं रंगवणार जुलैत. तेव्हा आपल्याकडे हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि त्या गारव्याने हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं. रंग वाळतो तो दुधाळ होऊन. शेजारचा मुलगा असंच पंख पांढुरके झालेलं मिग घेऊन आला. “शेट, रंगाची बाटली नासकी निघाली.” बाटलीला काहीही झालं नव्हतं. रिटार्डर घालून थिनर सावकाश उडू देता येतं, पण तो शाळकरी मुलाला मिळणार कुठे? कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साचतं, आणि ते अडवणारा सापळा नसेल तर ते थेंबाथेंबाने पंखावर थुंकलं जातं. त्यात वीज जाते ती वेगळीच. सगळ्यांत वाईट म्हणजे पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद आणि मुलं त्याच खोलीत थिनरचा वास घेत बसलेली. यावर पालकांनी तरी बोलावं.

आयोजकांना माझी विनंती आहे की ही स्पर्धा 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला घ्यावी. हवा कोरडी असते, चवथीची गडबड आटोपलेली असते, आणि विषयही अंगणातलाच आहे. 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि तुफानी दीववर गेली. त्याच रात्री खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून टॅप या पोर्तुगालच्या विमान कंपनीचं कॉन्स्टेलेशन आणि पोर्तुगीज इंडियाच्या विमान कंपनीचं डीसी-4 अंधारात कराचीकडे निसटलं. ही दोन विमानं कुणा गोंयकार पोराने केलेली मला तरी अजून दिसलेली नाहीत.

परीक्षण ट्यूबलाइटखाली न करता बाजूने पडणाऱ्या एकाच दिव्याखाली करावं, आणि प्रत्येक मुलाकडून मूळ विमानाचा एक फोटो मागून घ्यावा. म्हणजे असमान काय आणि चुकलेलं काय, ते परीक्षकांना समोरच दिसेल. दिव्याचा स्टँड माझ्या दुकानातून मिळेल.

तारीख बदलणं जमतच नसेल तर निदान नियमात एक ओळ घालावी: धातूच्या छटेसाठी पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग किंवा फॉइल वापरला तरी चालेल, त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत.

आपला,
एक सोनार वाचक,
डिचोली